बर्फाखालची हिरवळ : ध्रुवीय समुद्रातील वनस्पती-प्लवकांच्या मोजणीचा इतिहास

अन्नसाखळीचा धडा शिकवताना आपण फळ्यावर गवत, टोळ, बेडूक, साप, घार अशी चित्रे काढतो. समुद्राची अन्नसाखळी आली, की घारीच्या जागी देवमासा किंवा पेंग्विन येतो. पण गवताच्या जागी काय काढावे, याची थोडी पंचाईत होते. मग आपण एक ठिपका काढतो आणि त्यापुढे ‘वनस्पती-प्लवक’ असे लिहितो. त्या ठिपक्याचा, आणि तो मोजण्यासाठी माणसाने केलेल्या खटपटीचा इतिहास आम्ही येथे सांगणार आहोत.

ठिपका लहान असला तरी त्याचे काम लहान नाही. प्रकाशसंश्लेषणाने पृथ्वीवर दरवर्षी जेवढा कार्बन बांधला जातो, त्यातला जवळजवळ निम्मा समुद्रातील वनस्पती-प्लवक बांधतात. तरीही जगातील सर्व वनस्पतींचे वजन एका पारड्यात घातले, तर त्यात प्लवकांचा वाटा एक टक्काही भरत नाही. झाड वर्षानुवर्षे उभे राहते. प्लवकाची पेशी काही दिवसांत वाढते, दुभंगते आणि कोणाच्या तरी पोटात जाते. म्हणून पाण्यात प्लवक किती आहेत एवढे मोजून भागत नाही. ते कसे आहेत, म्हणजे त्यांची तब्येत कशी आहे, हेही कळावे लागते.

ध्रुवीय समुद्रात ही अडचण अधिकच वाढते. अंटार्क्टिकाभोवतीचे क्रिल नावाचे कोळंबीसारखे प्राणी या प्लवकांवर जगतात आणि क्रिलवर देवमासे, सील, पेंग्विन जगतात. इतका मोठा संसार ज्या गवतावर चालतो ते गवत वर्षातील बराच काळ बर्फाखाली आणि काळोखात असते. जेथे जहाज जाऊ शकत नाही, तेथली खबर माणसाने कशी काढली?

बर्फावरचा तपकिरी डाग

१८३९ मध्ये जेम्स क्लार्क रॉस यांच्या नेतृत्वाखाली ‘इरेबस’ आणि ‘टेरर’ ही दोन ब्रिटिश जहाजे दक्षिणेकडे निघाली. ‘इरेबस’वर जोसेफ डाल्टन हूकर हा बावीस वर्षांचा सहायक शल्यवैद्य होता, पुढे तो मोठा वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून प्रसिद्ध झाला. अंटार्क्टिकाजवळ त्याला बर्फाच्या लाद्यांवर तपकिरी-पिवळट डाग दिसले. जवळच धुमसत्या ज्वालामुखीचा डोंगर असल्याने पाहणाऱ्याला ती राख वाटावी असा तो रंग होता. सूक्ष्मदर्शकाखाली पाहता त्यात असंख्य डायाटम दिसले. डायाटम म्हणजे करंडक वनस्पती. झाकण लावलेल्या डबीसारखे काचेचे कवच असलेल्या एकपेशीय वनस्पती. त्या काळी बर्लिनचे प्रसिद्ध सूक्ष्मदर्शकतज्ज्ञ एरेनबर्ग डायाटमांना प्राणी मानत. हूकरने मात्र त्यांना वनस्पतीच ठरवले आणि पुढे असे मांडले की, जेथे जमिनीवर गवताची काडी उगवत नाही, तेथे याच सूक्ष्म वनस्पती साऱ्या प्राणिसृष्टीला पोसत असल्या पाहिजेत. हे १८४७ साल. फळ्यावरील आपला ठिपका अन्नसाखळीच्या तळाशी बसवण्याच्या कामाची ही एक सुरुवात होती.

परंतु हूकरने जे पाहिले ते उन्हाळ्यात, आणि जहाज जेथवर गेले तेथवरच. पुढील दीडशे वर्षांच्या मोजण्यांनाही ही मर्यादा चिकटून राहिली.

जाळे, तबकडी आणि बाटली

‘प्लवक’ या कल्पनेला ‘प्लँक्टन’ हे नाव १८८७ मध्ये जर्मनीतील कील येथील व्हिक्टर हेन्सेन यांनी दिले. पीठ चाळायच्या रेशमी कापडाचे जाळे करून त्यांनी १८८९ मध्ये अटलांटिक महासागरात प्लवक मोजले. शेतातील पीक मोजतात तसे समुद्राचे पीक मोजावे, अशी त्यांची दृष्टी होती. पण रेशमाच्या छिद्रांतून सर्वांत बारीक पेशी निसटून जातात, हे काही वर्षांनी कीलच्याच हान्स लोमान यांनी दाखवून दिले. त्यांना हे सुचवले एका लहानशा समुद्री प्राण्याने. हा प्राणी आपल्या अंगाभोवती चिकट पदार्थाचे गाळणीदार घर बांधतो. त्या घराच्या गाळणीत अशा पेशी सापडल्या, ज्या हेन्सेनच्या जाळ्यात कधीच आल्या नव्हत्या. जाळ्याने जे ‘नाही’ म्हटले होते ते समुद्रात भरपूर होते.

शाळेच्या कार्यालयात भरल्या जाणाऱ्या तक्त्यांची येथे आठवण होते. मोजून शून्य आले तर आपण ‘निरंक’ लिहितो. मोजलेच नसेल तर ‘माहिती अप्राप्त’. दोन्ही वेळा रकान्यात आकडा नसतो, पण अर्थ अगदी निराळा असतो. प्लवकांच्या इतिहासात या दोन शेऱ्यांची गल्लत वारंवार झालेली दिसते.

इतर साधनेही अशीच अपुरी, पण उपयोगी होती. १८६५ मध्ये इटलीचे धर्मगुरू आणि खगोलशास्त्रज्ञ आंजेलो सेक्की यांनी पोपच्या जहाजावरून पांढरी तबकडी दोरीने पाण्यात सोडली व ती कोणत्या खोलीवर दिसेनाशी होते हे नोंदवले. पाणी गढूळ किंवा प्लवकांनी भरलेले असेल तर तबकडी लवकर नाहीशी होते. ही तबकडी आजही वापरात आहे. १९२५ पासून ब्रिटिशांनी देवमाशांच्या शिकारीचा प्रश्न सोडवण्यासाठी दक्षिण महासागरात ‘डिस्कव्हरी’ मोहिमा काढल्या. त्यातील पहिल्या मोहिमेवर ॲलिस्टर हार्डी यांनी जहाजामागे ओढत नेता येईल असे सतत नोंद करणारे प्लवक-यंत्र वापरून पाहिले. त्यात रेशमी कापडाची गुंडाळी हळूहळू सरकत जाई व प्लवक तिच्यावर क्रमाने चिकटत जात.

मग १९५२ मध्ये डेन्मार्कच्या स्टीमन नीलसेन यांनी ‘गॅलाथिया’ जहाजावर आजमावलेली नवी पद्धत जाहीर केली. समुद्राचे पाणी बाटलीत घ्यायचे, त्यात किरणोत्सारी कार्बन-१४ असलेला क्षार अगदी थोडा टाकायचा, बाटली उजेडात ठेवायची आणि ठरावीक वेळाने पेशी गाळून त्यांत किती कार्बन-१४ शिरला ते मोजायचे. आता ‘किती आहेत’ यापुढे जाऊन ‘किती वेगाने अन्न तयार करीत आहेत’ हे कळू लागले. पण बाटली भरायला माणूस हवा आणि माणसाला जहाज हवे. गणित पुन्हा उन्हाळ्याशी येऊन थांबले.

पानाचा लाल उजेड

यंत्राला माणसाशिवाय प्लवक मोजता येण्याची वाट एका वेगळ्याच शोधातून निघाली. १८३४ मध्ये स्कॉटलंडचे डेव्हिड ब्रूस्टर यांनी पानांचा मद्यार्कातील हिरवा अर्क सूर्यप्रकाशाच्या झोतात धरला, तेव्हा तो बाजूने पाहता रक्तासारखा लाल दिसला. १८५२ मध्ये जॉर्ज स्टोक्स यांनी याचा उलगडा केला : काही पदार्थ एका रंगाचा प्रकाश शोषतात आणि अधिक लांब तरंगलांबीचा प्रकाश बाहेर टाकतात. यालाच आपण प्रतिदीप्ती म्हणतो.

हा प्रयोग वर्गात सहज होतो. पालकाची चार-पाच पाने बारीक चिरून थोड्या स्पिरिटमध्ये कुस्करावीत आणि अर्क स्वच्छ कापडातून किंवा गाळणकागदातून काचेच्या बाटलीत गाळावा. खोली अंधारी करून बाटलीवर नोटा तपासण्याची जांभळ्या प्रकाशाची छोटी बॅटरी मारावी. हिरवा अर्क लाल पेटल्यासारखा दिसेल. स्पिरिट ज्वालाग्राही असल्याने जवळपास शेगडी किंवा मेणबत्ती नसावी, आणि बॅटरीचा प्रकाश कोणाच्या डोळ्यांवर पडू देऊ नये.

प्रयोगानंतर मुलांना एक प्रश्न जरूर विचारावा : हाच झोत ताज्या पानावर टाकला तर पान इतके लाल का दिसत नाही? जिवंत पानात हरितद्रव्याने शोषलेली बहुतेक ऊर्जा प्रकाशसंश्लेषणाकडे जाते किंवा उष्णतेच्या रूपाने निघून जाते; लाल प्रकाशाच्या वाट्याला फार थोडी उरते. अर्कात ही सारी व्यवस्था मोडलेली असते. दळण थांबलेल्या गिरणीत दाणे ओतत राहिलो तर ते बाहेर सांडतील, तशी ती ऊर्जा लाल प्रकाश होऊन सांडते. १९३१ मध्ये जर्मनीतील हान्स काउट्स्की यांनी अंधारात ठेवलेल्या पानावर एकदम प्रकाश टाकला. लाल दीप्ती झपाट्याने वाढली आणि पुढील काही मिनिटांत, प्रकाशसंश्लेषणाची गिरणी सुरू झाल्यावर, उतरत गेली. याचा अर्थ असा, की लाल उजेडावरून हरितद्रव्य किती आहे याचा अंदाज येतोच. पण तो उजेड कसा चढतो-उतरतो, यावरून पेशीची तब्येतही कळू शकते.

१९६६ मध्ये अमेरिकेचे कार्ल लोरेन्झेन यांनी चालत्या जहाजावर समुद्राचे पाणी सतत उपकरणातून खेळवून, पेशी न मारता, त्यांची प्रतिदीप्ती मोजून दाखवली. येथून पुढे प्रतिदीप्तिमापक लहान लहान होत गेला. आज तो हातात मावतो.

आकाशातला डोळा कोठे मिटतो

१९७८ च्या ऑक्टोबरमध्ये ‘निंबस-७’ हा उपग्रह समुद्राचा रंग टिपणारे उपकरण घेऊन गेला आणि ते १९८६ पर्यंत चालले. प्लवक वाढले की समुद्राचा निळा रंग हिरव्याकडे झुकतो. त्यावरून हरितद्रव्याचा नकाशा काढता येतो. पूर्वी जहाजांना ज्यासाठी अनेक वर्षे लागली असती, ते चित्र आता थोड्या दिवसांत मिळू लागले. अशाच उपग्रह-नोंदी व जहाजांवरील मोजण्या एकत्र करून २००९ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवले, की अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या पश्चिमेकडील समुद्रात तीस वर्षांत हरितद्रव्य सुमारे १२ टक्क्यांनी घटले आहे. त्यातही उत्तरेकडे घट झाली, तर दक्षिणेकडे वाढ.

तथापि हा डोळा ढगांतून पाहू शकत नाही, ध्रुवीय रात्रीत पाहू शकत नाही आणि बर्फातून तर मुळीच नाही. शिवाय त्याला पाण्याचा वरचा थरच दिसतो. त्यामुळे बर्फ असेल तेथे नकाशावर रिकामी जागा राही. उत्पादनाचा हिशेब करताना ती जागा बहुधा नगण्य धरली जाई, कारण बर्फ आणि त्यावरचा हिमथर प्रकाश अडवतात व प्रकाश नाही तर वाढ नाही, असा सरळ तर्क होता. तर्क चुकीचा नव्हता. पण ‘अप्राप्त’च्या जागी ‘निरंक’ लिहिले गेले होते.

इंजिनाशिवाय पोहणारे यंत्र

बर्फाखाली यंत्र पाठवण्याचा विचार जुना आहे. १९७२ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाच्या अभियंत्यांनी आर्क्टिकमधील एका तरंगत्या हिमबेटावरून मानवरहित पाणबुडी सोडली होती. तिचे काम बर्फाची खालची बाजू मोजण्याचे होते. २००१ मध्ये ‘ऑटोसब-२’ ही ब्रिटिश यंत्र-पाणबुडी अंटार्क्टिकाजवळ वेडेल समुद्रातील बर्फाखाली गेली. क्रिल बर्फाखाली सगळीकडे सारखे पसरलेले नसून, बर्फाच्या कडेपासून आत साधारण १ ते १३ किलोमीटरच्या पट्ट्यात दाटलेले आहेत, हे तिने दाखवले. चरणारे जेथे दाटतात तेथे चाराही असला पाहिजे, हा प्रश्न त्यातून पुढे आला. तिचे पुढचे दैव मात्र बरे नव्हते. फेब्रुवारी २००५ मध्ये फिम्बुल हिमफळीखाली गेलेली ही पाणबुडी परत आली नाही. भारताच्या ‘मैत्री’ केंद्रापासून पश्चिमेकडे काहीशे किलोमीटरवरची ही जागा. शेकडो मीटर जाड बर्फाखाली बिघडलेल्या यंत्राची सुटका करणारा कोणी नसतो.

दरम्यान एक निराळी, स्वस्त आणि दमदार कल्पना आकार घेत होती. १९८९ मध्ये प्रख्यात समुद्रशास्त्रज्ञ हेन्री स्टोमेल यांनी एक कल्पनाकथा लिहिली. तिचा निवेदक २०२१ मध्ये बसून सांगतो, की जगाच्या समुद्रांत लहान यंत्रांचा ताफा फिरतो आहे, ती यंत्रे खाली-वर जात मोजमापे घेतात व पृष्ठभागावर येऊन उपग्रहाला कळवतात. १८९५ ते १८९८ या काळात एकट्याने शिडाच्या होडीतून पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या जोशुआ स्लोकम यांचे नाव त्या यंत्रांना दिलेले होते. कथेमागचे यंत्र स्टोमेल यांचे स्नेही, अभियंते डग्लस वेब यांच्या डोक्यातले होते, आणि १९९१ मध्ये फ्लोरिडातील एका झऱ्याच्या डोहात व न्यूयॉर्क राज्यातील एका सरोवरात त्याच्या चाचण्याही झाल्या.

‘ग्लायडर’ नावाच्या या यंत्राचे तत्त्व आपण आर्किमिडीजच्या धड्यात शिकवतोच. सुमारे दीड मीटर लांबीच्या या नळकांड्यात एक पंप असतो. त्याने थोडे पाणी आत घेतले की यंत्र आसपासच्या पाण्यापेक्षा जड होऊन बुडू लागते. तेच पाणी बाहेर ढकलले की हलके होऊन वर येते. अंगाला दोन पंख असल्याने ते सरळ खाली न जाता तिरके सरकते, आणि असे करवतीच्या दातांसारखे खाली-वर जात पुढे जाते. प्लॅस्टिकच्या बाटलीत उलटी नळी ठेवून, बाटली दाबली की नळी बुडते, हा ‘बाटलीतला पाणबुड्या’ अनेक शाळांनी केलेला आहे. ग्लायडर हा त्याचाच थोरला भाऊ म्हणावा. पंखा सतत फिरवावा लागत नसल्याने बॅटरी आठवडे, महिने पुरते. २००९ मध्ये अमेरिकेच्या रटगर्स विद्यापीठाचा असा एक ग्लायडर न्यू जर्सीहून निघून २२१ दिवसांनी स्पेनच्या किनाऱ्याजवळ पोहोचला. याच विद्यापीठाने २००७ पासून अंटार्क्टिकातील पामर केंद्राजवळ ग्लायडर सोडले आहेत. तेथे ॲडेली पेंग्विनांच्या वसाहतींसमोरच्या समुद्रात प्लवक कोठे आणि केव्हा दाटतात, याची नोंद होते.

ग्लायडरचा एक साधा नातलग आहे. त्याला पंख नाहीत, दिशा बदलता येत नाही. तो फक्त खाली-वर करतो. ‘आर्गो’ या आंतरराष्ट्रीय योजनेतील हे तरंगक साधारण १००० मीटर खोलीवर प्रवाहाबरोबर वाहतात, दर दहा दिवसांनी २००० मीटरपर्यंत जाऊन मोजमाप घेत वर येतात आणि उपग्रहाला माहिती देतात. नोव्हेंबर २००७ मध्ये त्यांची संख्या ३००० झाली. पुढे त्यांपैकी काहींवर हरितद्रव्य, प्राणवायू, नायट्रेट मोजणारे संवेदक बसले. दक्षिण महासागरात २०१४ पासून असे तरंगक मोठ्या संख्येने सोडण्यात आले.

पण वर बर्फ असेल तर? डोके आपटून उपकरण फुटायचे. यावर जर्मनीच्या आल्फ्रेड वेगेनर संस्थेतील शास्त्रज्ञांनी सोपा तोडगा काढला. समुद्राचे पाणी उणे १.८ अंश सेल्सियसच्या आसपास गोठते. तरंगक वर येताना ५० ते २० मीटरच्या थरातील तापमान पाहतो. ते उणे १.७९ अंशांहून कमी असले तर वर बर्फ आहे असे समजून तो मागे फिरतो. आकडे आपल्या स्मृतीत साठवतो आणि वसंतात बर्फ वितळल्यावर सगळे एकदम कळवतो.

रिकाम्या रकान्यात काय निघाले

जुलै २०११ मध्ये ‘हीली’ या अमेरिकन हिमभंजक जहाजावरील शास्त्रज्ञ अलास्काच्या उत्तरेला चुकची समुद्रातील बर्फात शिरले. सुमारे मीटरभर जाडीच्या बर्फाखाली त्यांना प्लवकांचा प्रचंड बहर सापडला. बर्फाच्या कडेपासून आत शंभर किलोमीटरपेक्षा अधिक पसरलेला. बर्फावर साचलेल्या वितळपाण्याच्या डबक्यांतून खिडकीतून यावा तसा प्रकाश खाली जात होता.

पण तोही उन्हाळाच होता. हिवाळ्याचे उत्तर तरंगकांनी दिले. ग्रीनलंड व कॅनडा यांच्यामधील बॅफिन उपसागरात सोडलेल्या तरंगकांनी बर्फाखालूनच नोंदी घेतल्या. त्यांवरून २०२० मध्ये असे प्रसिद्ध झाले, की समुद्र पूर्णपणे बर्फाने झाकलेला असताना, फेब्रुवारीतच, नावापुरत्या प्रकाशात प्लवकांची वाढ सुरू होते. दक्षिणेकडेही तसेच दिसले. बर्फ मागे हटण्याच्या आधीच तेथील प्लवक वाढू लागतात, असे केपटाउन विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये तरंगकांच्या नोंदींवरून दाखवले. ‘बर्फ वितळले, प्रकाश आला, मग बहर आला’ हा पाठ्यपुस्तकी क्रम अगदीच चुकीचा नाही. पण बहराची पेरणी त्याआधी, आपण पाहत नसताना झालेली असते.

येथे एक अवघड प्रश्न उभा राहतो, आणि या साऱ्या इतिहासाचे मोल त्यात आहे. आर्क्टिकचा बर्फ गेल्या काही दशकांत पातळ झाला आहे. मग चुकचीतील बहर हा त्या बदलाचा परिणाम, म्हणजे नवा, की तो पूर्वीही होता आणि दिसला नव्हता? बर्फ पातळ झाल्याने असे बहर वाढले असावेत, असे गणिती प्रतिमानांवरून वाटते. बर्फाखालच्या वाढीच्या तुरळक नोंदी मात्र आधीच्याही आहेत. पूर्वीच्या हिवाळ्यांची सलग मोजणी असती तर दोन्ही ताडून पाहता आले असते. ती नाही, आणि आता कोणतेही यंत्र १९५० च्या बर्फाखाली जाऊन मोजू शकणार नाही. ज्या जागी आपण शून्य धरले, तेथे काय बदलले हे सांगण्याचा हक्कच आपण काही अंशी गमावून बसलो.

तब्येत कशी विचारावी

आता प्रश्न तब्येतीचा. दक्षिण महासागरात नायट्रेट, फॉस्फेट भरपूर असूनही पुष्कळ भागांत प्लवक कमी असतात. अमेरिकेचे जॉन मार्टिन यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस याचे कारण सांगितले : लोहाचा तुटवडा. हे आधी कळले नाही, याचे कारणही साधनातच होते. लोखंडी जहाजावरून, लोखंडी तारेने काढलेल्या पाण्यात लोह आढळणारच! मार्टिन यांनी अत्यंत स्वच्छ रीतीने नमुने घेतले, तेव्हा खरा आकडा किती तरी लहान निघाला. जून १९९३ मध्ये ते वारले. त्यांच्या कल्पनेची पहिली खुली चाचणी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये विषुववृत्तीय प्रशांत महासागरात झाली. लोह मिसळल्यावर एका दिवसाच्या आत प्लवकांची तब्येत सुधारू लागली.

ती कशी मोजली? काउट्स्कींच्या पानाचीच युक्ती. अंधारात ठेवलेल्या पेशीवर आधी मंद प्रकाश टाकून तिची किमान लाल दीप्ती मोजायची, मग क्षणभर प्रखर प्रकाश टाकून कमाल दीप्ती मोजायची. दोहोंतील फरकाला कमाल दीप्तीने भागायचे. उदाहरणादाखल किमान ३५ व कमाल १०० असेल तर उत्तर ०.६५ येते, ही धडधाकट पेशी. किमान ७० व कमाल १०० असेल तर ०.३०, ही लोहाला किंवा अन्य पोषणाला मुकलेली पेशी. नाडी पाहण्यासारखेच हे आहे. हे काम करणारे उपकरण रटगर्सच्या शास्त्रज्ञांनी ग्लायडरवर बसवले, पामर केंद्राजवळच्या समुद्रात फिरवले आणि २०२० मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. कोणत्या खोलीवरचे प्लवक सुदृढ आहेत व कोणते प्रकाशाच्या माऱ्याने किंवा उपासमारीने खंगले आहेत, हे आता यंत्र पोहता पोहता सांगू लागले.

या कथेत आपल्या देशाचाही धागा आहे. ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून निघालेल्या भारताच्या पहिल्या अंटार्क्टिक मोहिमेचे नेते डॉ. सय्यद झहूर कासिम हे स्वतः समुद्रातील प्लवक-उत्पादनाचे अभ्यासक होते. २००९ मध्ये गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि आल्फ्रेड वेगेनर संस्था यांनी मिळून दक्षिण महासागरात सुमारे ३०० चौरस किलोमीटर क्षेत्रात लोह मिसळले. ‘लोहाफेक्स’ या प्रयोगाच्या नावातच आपला ‘लोहा’ आहे. वाढ झाली, पण तेथे सिलिका कमी असल्याने काचेच्या कवचाचे डायाटम वाढू शकले नाहीत. वाढलेले इतर बारीक प्लवक प्राण्यांनी फस्त केले आणि तळाकडे कार्बन फारच थोडा गेला. लोह टाका आणि हवेतील कार्बन समुद्रात पुरा, ही कल्पना वाटली तितकी सोपी नाही, हा धडा त्यातून मिळाला. याच गोव्यातील संस्थेने ‘माया’ नावाची छोटी स्वयंचलित पाणबुडीही बनवली असून, तिच्यावर हरितद्रव्य मोजणारा संवेदक आहे. जुलै २०१४ मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनी आर्क्टिकमधील काँग्सफ्योर्ड या खाडीत ‘इंडआर्क’ ही नांगरलेली निरीक्षण-मालिका पाण्याखाली बसवली.

यंत्रालाही न दिसणारे

येवढ्यावरून यंत्र सर्वज्ञ झाले असे मानू नये. प्रतिदीप्तिमापक पेशी मोजत नाही, लाल प्रकाश मोजतो. भर दुपारी पृष्ठभागावरच्या पेशी स्वतःला जपण्यासाठी जादा ऊर्जा उष्णतेच्या रूपाने टाकून देतात. तेव्हा त्यांचा लाल उजेड मंदावतो आणि प्लवक आहेत त्यापेक्षा कमी वाटतात. उलट लोहाला मुकलेल्या पेशी हरितद्रव्याच्या मानाने अधिक लाल चमकतात. म्हणून दक्षिण महासागरात कच्चा आकडा प्रत्यक्षापेक्षा कित्येक पट फुगलेला येऊ शकतो. यावर उपाय जुनाच आहे. तरंगक सोडताना त्याच जागेचे पाणी बाटलीत घ्यायचे, गाळायचे, हरितद्रव्य काढून मोजायचे आणि यंत्राचा आकडा त्याच्याशी ताडून पाहायचा. जाळे, तबकडी, बाटली यांना यंत्राने निवृत्त केलेले नाही; ती त्याची साक्षीदार झाली आहेत.

शिक्षकांना या इतिहासाचा उपयोग अन्नसाखळीच्या धड्यापुरता नाही. गावच्या पर्जन्यमापनाचा तक्ता, विहिरीच्या पातळीच्या नोंदी, शाळेच्या आवारातील पक्ष्यांची यादी असा कोणताही तक्ता मुलांपुढे ठेवावा आणि त्यातील रिकाम्या जागांवर बोट ठेवून विचारावे : येथे मोजून काही आढळले नाही, की मोजायला कोणी गेलेच नव्हते? रविवारी शाळा बंद म्हणून पक्ष्यांच्या यादीत रविवार कोरा असेल, तर त्या दिवशी पक्षी आले नाहीत असे कोणी म्हणणार नाही. ध्रुवीय समुद्राचा हिवाळा हा समुद्रशास्त्राचा असाच एक फार लांबलेला रविवार होता, आणि तेथे आता नोंदवही घेऊन कोणीतरी हजर आहे.